बर्कशायरमध्ये आलेली पंडिता

ब्रॅकनेलहून एम-४ महामार्गाने पश्चिमेकडे निघाले आणि न्यूबरीपाशी उत्तरेला वळले, की साधारण तासाभरात वाँटेज नावाचे बाजारपेठेचे छोटे गाव लागते. गावाच्या चौकात राजा आल्फ्रेडचा पुतळा आहे. आज हे गाव ऑक्सफर्डशायरमध्ये मोडते. परंतु १९७४ साली परगण्यांच्या सीमा बदलल्या, तोपर्यंत ते बर्कशायरमध्येच होते. म्हणजे आपल्यापैकी अनेकांनी ज्या परगण्यात घरे घेतली, मुले शाळेत घातली, त्याच परगण्यात १८८३ च्या मे महिन्यात पंचवीस वर्षांची एक मराठी विधवा आपल्या दोन वर्षांच्या मुलीला घेऊन राहायला आली होती. तिचे नाव पंडिता रमाबाई.

शालेय पाठ्यपुस्तकातील दोन ओळींमुळे हे नाव आपल्या परिचयाचे असते. शारदा सदन, केडगावचे मुक्ती मिशन आणि धर्मांतर एवढ्या तीन शब्दांत बहुतेकांची माहिती संपते. परंतु रमाबाईंच्या आयुष्यात एक प्रश्न पुन्हा पुन्हा उभा राहिला, आणि तो वाँटेजमध्ये जितक्या स्पष्टपणे पुढे आला तितका क्वचितच अन्यत्र आला असेल. निराधार स्त्रीला जो आसरा देतो, त्याला तिच्या मनावर हक्क सांगता येतो का? रमाबाईंनी या प्रश्नाचे उत्तर आयुष्यभर नकारार्थी दिले. त्याची किंमत त्यांनी पुण्यात मोजली आणि इंग्लंडमध्येही मोजली.

अरण्यातील पाठशाळा

रमाबाईंचा जन्म २३ एप्रिल १८५८ रोजी सह्याद्रीच्या दक्षिण टोकाकडील, आजच्या कर्नाटकातील गंगामूळच्या अरण्यात झाला. वडील अनंतशास्त्री डोंगरे हे चित्पावन ब्राह्मण आणि संस्कृतचे गाढे विद्वान. त्यांचे गुरू पेशव्यांच्या घरातील स्त्रीला संस्कृत शिकवीत. ते पाहून तरुण अनंतशास्त्रींच्या मनात स्त्रीशिक्षणाचा ध्यास उत्पन्न झाला. पुढे त्यांनी आपली दुसरी पत्नी लक्ष्मीबाई हिला संस्कृत शिकविण्यास आरंभ केला. आप्तांचा आणि शास्त्री मंडळींचा विरोध झाला, तेव्हा त्यांनी विद्या सोडली नाही, गाव सोडले. अरण्यात घर बांधून तेथे पाठशाळा चालविली.

रमाबाई काही महिन्यांच्या असतानाच हे घर मोडले. दानधर्म आणि पाहुणचार यांत संपत्ती सरली, कर्ज झाले आणि कुटुंब तीर्थयात्रेला निघाले. पुराण सांगावे, मिळेल त्या दक्षिणेवर निर्वाह करावा आणि पुढच्या क्षेत्राची वाट धरावी, असा हा क्रम वर्षानुवर्षे चालला. या भटकंतीत आईने मुलीला शिकविले. भागवताचे हजारो श्लोक, व्याकरण आणि कोश रमाबाईंनी आईच्या तोंडून ऐकून मुखोद्गत केले. थोरल्या बहिणीचा बालविवाह दुःखदायक ठरला होता. त्यामुळे अनंतशास्त्रींनी धाकट्या मुलीचे लग्न लवकर करण्याचे टाळले. त्या काळात ब्राह्मण घरात एवढी मुलगी अविवाहित ठेवणे म्हणजे वाळीत पडण्याची तयारी ठेवणे होते.

१८७० च्या दशकात दक्षिणेत दुष्काळ पडला आणि त्यात हे कुटुंब संपले. आधी वडील, मग आई आणि नंतर थोरली बहीण गेली. अंगमेहनतीची सवय नाही, भीक मागण्याची लाज वाटते आणि शास्त्रे पाठ असली तरी पोट भरत नाही, अशा स्थितीत रमाबाई आणि त्यांचे भाऊ श्रीनिवास हे दोघेच उरले. ते देशभर पायी हिंडले. सर्व व्रते आणि अनुष्ठाने यथासांग करूनही देव पावले नाहीत, ही शंका त्यांच्या मनात याच वाटेवर रुजली.

पदवी, विवाह आणि वैधव्य

१८७८ मध्ये ही भावंडे कलकत्त्याला पोहोचली. तेथील पंडितांनी या वीस वर्षांच्या मुलीची परीक्षा घेतली आणि तिला पंडिता व सरस्वती या पदव्या दिल्या. एका स्त्रीला असा सन्मान मिळणे ही विलक्षण घटना होती. ब्राह्मो समाजाचे नेते केशवचंद्र सेन यांनी त्यांना वेद वाचण्याचा आग्रह केला. जी संहिता ऐकण्याचाही स्त्रीला अधिकार नाही असे त्या लहानपणापासून शिकल्या होत्या, ती आता त्यांच्या हाती आली. धर्मशास्त्रांचे वाचन वाढत गेले तसे त्यांना एक गोष्ट दिसली. शास्त्रकारांचे आपसांत अनेक बाबतींत मतभेद होते. परंतु स्त्री विश्वासास पात्र नाही आणि पतीवाचून तिला गती नाही, याविषयी बहुतेकांचे एकमत होते.

१८८० मध्ये भाऊ वारला. त्याच वर्षी रमाबाईंनी बिपिनबिहारी दास मेधावी या बंगाली वकिलाशी नोंदणी पद्धतीने विवाह केला. वर ब्राह्मण नव्हता, प्रांत वेगळा होता, भाषाही वेगळी होती. एप्रिल १८८१ मध्ये मनोरमा जन्मली आणि फेब्रुवारी १८८२ मध्ये बिपिनबिहारींना पटकीने नेले. तेविसाव्या वर्षी रमाबाई विधवा झाल्या. सासरी थारा नव्हता आणि माहेर उरलेच नव्हते.

त्या पुण्यास आल्या. न्यायमूर्ती रानडे, डॉ. भांडारकर आदी सुधारकांनी त्यांचे स्वागत केले. १८८२ मध्येच त्यांनी आर्य महिला समाजाची स्थापना केली आणि ‘स्त्रीधर्मनीति’ हे पुस्तक प्रसिद्ध केले. याच वर्षी बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांचे ‘स्त्री-पुरुष तुलना’ छापून निघाले. दोन्ही पुस्तके शेजारी ठेवून पाहिली की रमाबाईंचा पुढचा प्रवास किती मोठा होता ते कळते. ताराबाई पुरुषांना थेट जाब विचारतात. ‘स्त्रीधर्मनीति’ मात्र स्त्रियांनाच उपदेश करते. अज्ञान आणि आळस टाका, शिका, स्वावलंबी व्हा, असा तिचा सूर आहे. दोष व्यवस्थेचा, हे ठामपणे सांगणाऱ्या रमाबाई अजून घडायच्या होत्या.

त्याची चाहूल मात्र हंटर शिक्षण आयोगापुढील त्यांच्या साक्षीत लागली. मुलींच्या शाळांत स्त्री शिक्षिका हव्यात आणि स्त्रियांना वैद्यकीय शिक्षण मिळालेच पाहिजे, कारण पुरुष डॉक्टरांपुढे जाण्याच्या संकोचापायी बायका मरतात, असे त्यांनी सांगितले. काही वर्षांनी भारतीय स्त्रियांच्या वैद्यकीय मदतीसाठी डफरिन फंड उभा राहिला, त्यामागे या साक्षीचाही वाटा होता असे मानले जाते. स्वतः वैद्यक शिकावे हा विचार रमाबाईंच्या मनात पक्का झाला आणि त्यासाठी त्यांनी इंग्लंडला जायचे ठरविले.

वाँटेजचा मठ

वाँटेज येथे सेंट मेरी द व्हर्जिन या अँग्लिकन भगिनीसंघाचा मठ होता. या भगिनींचे पुण्यातही कार्य चाले आणि रमाबाईंचा त्यांच्याशी परिचय तेथेच झाला होता. मठाने राहण्याजेवण्याची सोय करावी आणि रमाबाईंनी हिंदुस्थानात जाणाऱ्या भगिनींना मराठी शिकवावे, असा व्यवहार ठरला. पुस्तकाच्या विक्रीतून प्रवासखर्चाला हातभार लागला. आपण धर्मांतर करणार नाही, असे रमाबाईंनी निघताना सांगितले होते. सोबत आनंदीबाई भगत नावाची मैत्रीण होती. परक्या देशात आणि परक्या भाषेत या दोन तरुणी एकमेकींचा आधार होत्या.

तो आधार काही महिन्यांतच तुटला. आनंदीबाईंचे मानसिक स्वास्थ्य ढासळले आणि त्यांनी विष घेऊन जीवन संपविले. परदेशात एकटेपणाने माणूस आतून कसे पोखरले जाते, हे आपल्यापैकी कुणाला सांगावे लागत नाही. परंतु त्या काळी त्याला नावही नव्हते. त्याच सप्टेंबरच्या २९ तारखेला रमाबाईंनी लहानग्या मनोरमेसह वाँटेजमध्ये बाप्तिस्मा घेतला.

हे का घडले, याची चर्चा पुण्यात तेव्हापासून सुरू झाली. इंग्रजांच्या मिठाला जागल्या असे कोणी म्हटले, एकाकीपणाचा फायदा घेतला गेला असे कोणी म्हटले. रमाबाईंनी स्वतः दिलेले कारण निराळे आहे. लंडनच्या फुलम भागात याच भगिनी, समाजाने पतित ठरविलेल्या स्त्रियांसाठी एक आश्रयगृह चालवीत. तेथे अशा स्त्रियांना मायेने वागविले जाते, काम दिले जाते आणि पुन्हा उभे केले जाते, हे त्यांनी पाहिले. ज्या धर्मशास्त्रांत त्या वाढल्या होत्या, त्यांत या स्त्रियांना शासन होते, परतीची वाट नव्हती. चित्पावन ब्राह्मण कुळातून ख्रिस्ती झालेले नीलकंठशास्त्री गोऱ्हे यांच्या लेखनाचा आणि पत्रांचाही त्यांच्यावर प्रभाव पडला. महाराष्ट्रात त्यांच्या बाजूने ज्या थोड्या लोकांनी लेखणी उचलली, त्यांत जोतीराव फुले होते. १८८५ च्या ‘सत्सार’मध्ये त्यांनी रमाबाईंची बाजू मांडली.

बाप्तिस्म्याने कहाणी संपली नाही. मठाच्या दृष्टीने आता रमाबाई ही चर्चची कन्या होती आणि कन्येने आज्ञेत राहायचे असते. त्यांच्या धर्ममाता भगिनी जेराल्डिन यांच्याशी झालेला त्यांचा पत्रव्यवहार पुढे अ. भि. शहा यांनी संपादित केला आणि १९७७ मध्ये महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाने प्रसिद्ध केला. तो वाचताना थक्क व्हायला होते. त्रैक्याचा सिद्धांत बुद्धीला पटत नाही, तर तो मी का उच्चारावा, हा रमाबाईंचा प्रश्न. गळ्यातील क्रुसावर लॅटिन अक्षरेच का, संस्कृत का नकोत, हाही त्यांचाच प्रश्न. त्या शाकाहारी राहिल्या. भगिनींना त्यात जातीचा अहंकार दिसला. रमाबाईंना तो स्वतःच्या घराशी उरलेला धागा वाटला. पुरोहितांच्या एका जोखडातून महत्प्रयासाने मान सोडविली ती दुसऱ्या जोखडात देण्यासाठी नव्हे, हे त्यांनी निःसंदिग्धपणे कळविले.

१८८४ पासून त्या चेल्टनहॅम लेडीज कॉलेजमध्ये होत्या. तेथे त्या इंग्रजी, गणित आणि विज्ञान शिकत आणि संस्कृत शिकवीत. प्राचार्या डोरोथिया बील यांनी त्यांच्या शंकांना शंका म्हणूनच वागविले. वाद घातला, पण दटावले नाही. दरम्यान एक कठोर गोष्ट स्पष्ट झाली होती. रमाबाईंना ऐकू कमी येऊ लागले होते आणि त्यामुळे डॉक्टर होण्याचा मार्ग बंद झाला. ज्यासाठी समुद्र ओलांडला तेच हातून गेले.

याच सुमारास पुरुष विद्यार्थ्यांना शिकविण्याची एक कल्पना पुढे आली. हिंदुस्थानातील अँग्लिकन बिशपांनी तिला विरोध केला. तरुण स्त्रीने पुरुषांना शिकविणे अनुचित, आणि मायदेशी तिच्या कार्याला त्यामुळे बाध येईल, असा त्यांचा युक्तिवाद होता. ज्या बाईने बंगालपासून पुण्यापर्यंत पुरुषांनी भरलेल्या सभांपुढे व्याख्याने दिली होती, तिला हिंदू समाजात काय चालते हे बिशप सांगत होते. रमाबाईंनी हा उपदेश मानण्यास नकार दिला. स्त्रीला मर्यादा घालण्याच्या बाबतीत पुण्याचे शास्त्री आणि इंग्लंडचे धर्मगुरू यांच्यात फारसे अंतर नाही, हे त्यांना बर्कशायरने शिकविले.

आणखी एक संघर्ष मनोरमेवरून झाला. आई चेल्टनहॅमला आणि मुलगी वाँटेजला भगिनींपाशी, असा काही काळ गेला. मुलीला काय शिकवावे हे आपण ठरवू, असे रमाबाईंचे म्हणणे होते. आपल्याला न पटलेले सिद्धांत तिच्या मनावर कोरू नयेत आणि मनोरमेने भारतीय राहावे, हा त्यांचा आग्रह होता. दर शनिवारी मुलांना मराठी शाळेत नेणाऱ्या आजच्या पालकांना ही ओढाताण ओळखीची वाटेल. फरक इतकाच, की रमाबाई ज्यांच्याशी वाद घालीत होत्या, त्यांच्याच अन्नावर त्यांची मुलगी वाढत होती.

अमेरिका आणि एक पुस्तक

१८८६ च्या आरंभी आनंदीबाई जोशी यांच्या पदवीदान समारंभाचे निमंत्रण आले. आनंदीबाई नात्याने दूरच्या आप्त. मार्चमध्ये फिलाडेल्फियाच्या वैद्यकीय महाविद्यालयात आनंदीबाईंना पदवी मिळाली तेव्हा रमाबाई तेथे उपस्थित होत्या. काही आठवड्यांसाठी ठरलेला मुक्काम जवळजवळ तीन वर्षांचा झाला. आनंदीबाई मायदेशी परतल्या आणि फेब्रुवारी १८८७ मध्ये पुण्यात क्षयाने गेल्या.

त्याच वर्षी रमाबाईंचे ‘द हाय-कास्ट हिंदू वुमन’ हे इंग्रजी पुस्तक फिलाडेल्फियात प्रसिद्ध झाले. ते त्यांनी आईच्या स्मृतीस अर्पण केले. बालपण, विवाह आणि वैधव्य या क्रमाने उच्चवर्णीय स्त्रीचे आयुष्य त्यांनी मांडले. मनुस्मृतीची वचने, जनगणनेचे आकडे आणि डोळ्यांनी पाहिलेली घरे यांची त्यात सांगड आहे. नवऱ्याच्या घरी जाण्यास नकार देणाऱ्या रखमाबाईंच्या खटल्याचाही त्यात परामर्श आहे. ‘स्त्रीधर्मनीति’तील उपदेशक आता उरली नव्हती, दोष कुणाचा हे लेखिकेला पुरते कळले होते. थोड्याच वर्षांनी हरिभाऊ आपट्यांच्या ‘पण लक्षात कोण घेतो!’ या कादंबरीने विधवेच्या केशवपनाचे दुःख मराठी घराघरांत पोहोचविले. रमाबाई मात्र ते दुःख स्वतः विधवा असलेल्या स्त्रीच्या अधिकाराने सांगत होत्या.

पुस्तकाच्या हजारो प्रती खपल्या. डिसेंबर १८८७ मध्ये बोस्टनला रमाबाई असोसिएशन स्थापन झाली आणि तिने विधवांच्या शाळेसाठी दहा वर्षे पैसे पाठविण्याचे ठरविले. अमेरिकेवर त्यांनी मराठीत लिहिलेले प्रवासवर्णन १८८९ मध्ये निघाले. मराठी स्त्रीने पाश्चात्त्य समाजाकडे डोळसपणे पाहून केलेले ते पहिल्या काही लेखनांपैकी आहे, आणि परदेशस्थ मराठी वाचकाने ते अवश्य वाचावे.

आसरा देणारीची परीक्षा

११ मार्च १८८९ रोजी मुंबईत शारदा सदन उघडले. पुढच्या वर्षी ते पुण्यास आले. येथे धर्मशिक्षणाची सक्ती नव्हती. ज्यांना जातीचे नियम पाळायचे होते त्यांना मोकळीक होती. सल्लागार मंडळात रानडे आणि भांडारकर होते. पहिल्या विद्यार्थिनींत गोदूबाई नातू ही तरुण विधवा होती. १८९३ मध्ये तिचा पुनर्विवाह धोंडो केशव कर्वे यांच्याशी झाला. अण्णासाहेब कर्व्यांच्या हिंगण्याच्या आश्रमामागे आणि १९१६ च्या महिला विद्यापीठामागे शारदा सदनाचा हा धागा आहे, हे फारसे सांगितले जात नाही.

त्याच १८९३ मध्ये वादळ उठले. रमाबाई सकाळी प्रार्थना करीत तेव्हा दार उघडे असे आणि काही मुली आपण होऊन तेथे बसू लागल्या होत्या. ‘केसरी’ने झोड उठविली. सल्लागार मंडळाने राजीनामे दिले. वीस-पंचवीस मुली काढून नेण्यात आल्या. मुलींना प्रार्थनेला बोलाविणार नाही, पण त्या आल्या तर दारही लावणार नाही, ही रमाबाईंची भूमिका होती.

येथे आपण थांबून विचार करायला हवा. वाँटेजमध्ये आश्रित म्हणून त्यांनी जो प्रश्न विचारला होता, तोच आता आश्रयदात्री म्हणून त्यांच्यापुढे उभा होता. जिला दुसरे दार नाही, तिची निवड कितपत मोकळी असते? टीकाकारांचा राग सर्वस्वी निर्मळ नव्हता. त्यांतील अनेकांनी या विधवांसाठी एक खोलीही बांधली नव्हती. तरीही प्रश्न खरा होता. पुढच्या काळात रमाबाईंच्या संस्थेचे रूप उघडपणे ख्रिस्ती झाले, तेव्हा तो अधिकच टोकदार झाला. त्यांच्यावर प्रेम करणाऱ्यांनी तो टाळू नये.

परंतु दुष्काळ आला तेव्हा कोण धावले, हेही त्याच प्रामाणिकपणे सांगावे लागते. १८९६-९७ मध्ये मध्य प्रांतात अन्नावाचून माणसे मरू लागली. आपले आईवडील असेच गेले होते, हे रमाबाई विसरल्या नव्हत्या. त्या स्वतः तेथे गेल्या आणि शेकडो मुली व स्त्रियांना घेऊन आल्या. मुलींना पळविणारे दलाल त्याच गावांतून हिंडत होते. पुण्यात प्लेगची साथ असल्याने या मुलींची सोय पुणे-दौंड मार्गावरील केडगावला माळरानावर झाली. तेथे मुक्ती सदन उभे राहिले. १९०० च्या गुजरातमधील दुष्काळानंतर रहिवाशांची संख्या सुमारे दोन हजारांवर गेली. शेती, विणकाम, तेलघाणा, छापखाना, अंध मुलींची शाळा अशी सगळी कामे स्त्रियाच चालवीत. प्लेगच्या दवाखान्यात स्त्रियांशी होणाऱ्या वागणुकीविरुद्ध त्यांनी वर्तमानपत्रात लिहिले आणि सरकारची नाराजी ओढवून घेतली. आसरा घेतलेल्या चर्चपुढे जशा त्या नमल्या नाहीत, तशाच इंग्रज सरकारपुढेही नमल्या नाहीत.

अखेरची वर्षे त्यांनी एका प्रचंड कामाला दिली. मूळ हिब्रू आणि ग्रीकवरून बायबलचे मराठी भाषांतर त्यांनी एकटीने केले. खेड्यातील बाईला समजेल अशी सोपी मराठी त्यांना हवी होती. मुक्तीच्या छापखान्यात स्त्रियांनीच ते छापले. जुलै १९२१ मध्ये मनोरमा गेली. मुक्तीचा भार जिच्यावर सोपवायचा, ती एकुलती एक लेक आईआधी गेली. ५ एप्रिल १९२२ रोजी रमाबाईंनी देह ठेवला. भाषांतर १९२४ मध्ये प्रकाशित झाले.

आपल्या परगण्यातील एक पूर्वज

महाराष्ट्राने त्यांना दीर्घकाळ विस्मरणात टाकले. हिंदू सुधारकांच्या मालिकेत त्या बसत नव्हत्या, मिशनऱ्यांच्या चरित्रांत त्यांची बंडखोरी झाकली गेली, आणि राष्ट्रवादी इतिहासाला त्या अवघड वाटल्या. गेल्या काही दशकांत मीरा कोसंबी यांच्यासारख्या अभ्यासकांनी त्यांचे लेखन पुन्हा पुढे आणले, तेव्हा ही बाई किती मोठी होती याची जाणीव नव्याने झाली.

आपण जेव्हा व्हिसा, नोकरी आणि शिक्षण यांच्या मागे या देशात येतो, तेव्हा आपल्याकडून कृतज्ञतेची अपेक्षा असते आणि ती रास्तच आहे. मायदेशातून निष्ठेची अपेक्षा असते, तीही रास्त आहे. रमाबाईंनी दोन्ही ऋणे मानली. भगिनी जेराल्डिन यांना त्या शेवटपर्यंत विसरल्या नाहीत, आणि पुण्याकडे पाठ फिरवून त्या इंग्लंड-अमेरिकेत सुखाने राहिल्याही नाहीत. परंतु ऋण फेडताना विवेक गहाण टाकायचा नाही, ही रेघ त्यांनी वाँटेजच्या त्या मठात, पंचविशीत, खिशात पैसा नसताना आणि कान साथ सोडत असताना आखली.

कधी सुटीच्या दिवशी वाँटेजला जाणे झाले, तर आल्फ्रेडच्या पुतळ्यापाशी क्षणभर थांबावे. रमाबाई आल्या तेव्हाही तो तेथे उभा होता. पांढऱ्या लुगड्यातील ती तरुण विधवा, लेकीचा हात धरून, याच चौकातून गेली असेल. मुलांना तिचे नाव सांगावे, आणि तिने कुणाकुणाला नाही म्हटले तेही सांगावे.